बरसीम : चारा आणि जमिनीची सुपीकता
(विटा परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
विटा हे सांगली जिल्ह्यातील अवर्षणप्रवण खानापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण होय. कराडनजीक कृष्णेचे पाणी उचलणाऱ्या टेंभू उपसा सिंचन योजनेमुळे या तालुक्यात बागायतीस वाव मिळाला. बागायतीबरोबर ऊस येतो आणि उसाचे वाढे जनावरांच्या दावणीत पडते. वाढ्यात प्रथिने अल्प असतात. शिवाय त्यातील ऑक्झॅलेटमुळे जनावरास कॅल्शियम पुरेसे मिळत नाही. ही उणीव द्विदल चारा बऱ्याच अंशी भरून काढू शकतो.

पिकाचे स्वरूप :
क्लोव्हर वर्गातील बरसीम विसाव्या शतकाच्या प्रारंभी इजिप्तमधून भारतात आले. थंडी मानवणाऱ्या या पिकाची पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करतात. हेक्टरी सुमारे २५ ते ३० किलो बियाणे लागते. पहिली कापणी साधारणतः ५० दिवसांनी व पुढील कापण्या २५ ते ३० दिवसांच्या अंतराने मिळतात. मात्र त्यास वरचेवर पाणी लागते आणि कडक उन्हाळ्यात त्याची वाढ खुंटते. महाराष्ट्रात अधिक रुळलेली लसूणघास बहुवार्षिक व खोल मुळांची असल्याने एकदा पेरल्यावर तीन-चार वर्षे चारा देते.

जमिनीवरील परिणाम :
या पिकांच्या मुळांवरील गाठींत रायझोबियम जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात. शेतात प्रथमच पेरणी करताना बियाण्यास योग्य जिवाणूसंवर्धन चोळणे म्हणूनच आवश्यक ठरते. तथापि, द्विदल पीक घेतले की जमीन आपोआप सुधारते, हा समज अपुरा आहे. स्थिर झालेल्या नत्राचा मोठा भाग पाल्यात असतो व प्रत्येक कापणीबरोबर तो शेताबाहेर जातो. त्यासोबत स्फुरद, पालाश आणि कॅल्शियमही जातात. शेतात उरतात ती मुळे व खोडके. बेवड चांगला व्हावयाचा असेल, तर अखेरची वाढ जमिनीत गाडणे अथवा गोठ्यातील शेण-मूत्र त्याच शेतात परत आणणे अगत्याचे आहे.

दक्षता :
कोवळा, ओला द्विदल चारा एकट्याने भरपूर दिल्यास जनावरास पोटफुगी होते व ती प्राणघातकही ठरू शकते. त्यामुळे तो किंचित सुकवून, कडब्याच्या कुट्टीत मिसळून द्यावा.

निष्कर्ष :
उपसा सिंचनाचे पाणी मोलाचे आहे. चारा विकून शेणखत न परतविणारा शेतकरी चाऱ्यासोबत जमिनीचा कसही विकतो. शेत, गोठा आणि पुन्हा शेत हे चक्र पूर्ण झाले, तरच या पिकाचा दुहेरी लाभ पदरी पडेल.