मराठी चेहऱ्याला अमेरिकन माप लावलं तर काय होतं?

दातांना तारा लावायच्या आधी डॉक्टर चेहऱ्याचा एका बाजूने एक्स-रे काढायला सांगतात. याला सेफॅलोग्राम म्हणतात. त्यावर ठरावीक बिंदू जोडून कोन मोजतात आणि ते ‘नॉर्मल’ आकड्यांशी ताडून बघतात.

पण हे ‘नॉर्मल’ ठरवलं कुणी?

१९४८ मध्ये अमेरिकेतल्या विल्यम डाउन्स यांनी १२ ते १७ वयाच्या फक्त २० गोऱ्या मुलामुलींवरून सरासरी काढली. १९५३ मध्ये सेसिल स्टायनर यांनी कवटीच्या तळाशी वरच्या जबड्याचा कोन ८२ अंश, खालच्याचा ८० अंश असे आकडे दिले. चार्ल्स ट्वीड यांच्या मते खालचे पुढचे दात जबड्याच्या खालच्या कडेशी ९० अंशांत हवेत. हे आकडे जगभर शिकवले गेले.

अडचण इथेच आहे. अनेक भारतीय गटांच्या अभ्यासांत पुढचे दात मुळातच थोडे जास्त पुढे झुकलेले आढळतात. ते ९० अंशांवर आणायचे तर जागा लागते आणि जागेसाठी बऱ्याचदा चार उपदाढा काढल्या जातात. म्हणजे माप चुकीचं निवडलं, तर चांगले दात विनाकारण जाऊ शकतात. वर ओठ आत जाऊन चेहरा सपाट दिसू शकतो तो वेगळाच.

म्हणूनच पिंपरीच्या डॉ. डी. वाय. पाटील दंत महाविद्यालयातल्या संशोधकांनी मराठा समाजातल्या लोकांचे असे एक्स-रे मोजून स्टायनर, ट्वीड, रिकेट्स आणि मॅकनमारा या चारही पद्धतींच्या स्थानिक सरासऱ्या काढल्या. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला.

मग प्रश्न सुटला का? पूर्ण नाही. चाकणच्या कारखान्यांत बिहार, उत्तर प्रदेशातून आलेली कुटुंबंही आहेत. त्यांच्या मुलांना मराठा सरासरी कशी चालेल? आणि मराठा मुलाचा चेहरा तरी सरासरीवर बेतलेला कुठे असतो? सरासरी म्हणजे काही जण वर, काही जण खाली.

त्यामुळे आकडा फक्त दिशा दाखवतो. ओठांची ठेवण, हिरड्या, दातांची गर्दी, चावताना दात कसे जुळतात, हे सगळं बघूनच निर्णय होतो. डॉक्टरांनी दात काढायला सांगितलं, तर एवढं नक्की विचारा: ‘दातांना जागा कमी आहे म्हणून काढायचे, की आकडा जुळत नाही म्हणून?’