जाळ्यातील माहिती आणि जाळ्यातील चूक : नेटवर्क-केंद्रित युद्धपद्धतीचा एक अभ्यास

सारांश

संगणक, उपग्रह व वेगवान संदेशवहन यांच्या साहाय्याने विखुरलेल्या सैन्यदलांना एका माहितीजालात जोडणे हे आधुनिक युद्धपद्धतीचे प्रमुख वैशिष्ट्य होय. अशा जोडणीमुळे निर्णयाचा वेग वाढतो, हे सर्वमान्य आहे. तथापि, ज्या वाटेने माहिती सर्वांपर्यंत पोहोचते त्याच वाटेने चूकही पोहोचते, या बाजूची चर्चा तुलनेने कमी होते. प्रस्तुत लेखात १९३९-४० ते २०२२ या कालखंडातील निवडक घटनांच्या आधारे असे प्रतिपादन केले आहे की, लष्करी माहितीजालाचे सामर्थ्य केवळ जोडणीच्या विस्तारावर अवलंबून नसते. माहिती गाळण्याची व शंका वेळेत वर पोहोचविण्याची व्यवस्था त्यात किती सक्षम आहे, यावर ते ठरते.

बीजशब्द : नेटवर्क-केंद्रित युद्ध, सामाईक चित्र, गाळणी कक्ष, मित्रदलावरील मारा, निर्णयप्रक्रिया.

१. प्रस्तावना

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठी सैन्याचा पराभव झाला. उत्तरेकडे कुमक घेऊन निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना ही वार्ता सुमारे दहा दिवसांनी कळली, आणि तीही एका सावकारी पत्रातील सांकेतिक भाषेतून. त्यापूर्वीच अब्दालीने सदाशिवरावभाऊंच्या छावणीचा दक्षिणेशी असलेला संपर्क तोडला होता. सैन्य, सेनापती व शासनकर्ता यांच्यातील माहितीचा धागा तुटला म्हणजे काय होते, याचे हे मराठी वाचकास परिचित असलेले उदाहरण आहे.

आज परिस्थिती पालटली आहे. हजारो किलोमीटर दूर असलेला सेनापती रणभूमीवरील दृश्य घडत असतानाच पाहू शकतो. त्यामुळे माहितीच्या अभावाचा प्रश्न पुष्कळ अंशी मागे पडला असून, उपलब्ध माहितीच्या विश्वासार्हतेचा प्रश्न पुढे आला आहे. चुकीची माहिती पूर्वीही सैन्याचा घात करीत असे. मात्र ती एका हरकाऱ्याच्या पिशवीत असे. आता ती एकाच क्षणी सर्व पडद्यांवर उमटते. या बदलाचे स्वरूप समजून घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. संकल्पना व कार्यपद्धती

'नेटवर्क-केंद्रित युद्ध' ही संज्ञा अमेरिकन नौदलाचे अधिकारी आर्थर सेब्रोस्की व त्यांचे सहलेखक जॉन गार्स्टका यांच्या जानेवारी १९९८ मधील लेखामुळे रूढ झाली. तिचा आशय थोडक्यात असा सांगता येईल. युद्धात तीन घटक असतात : पाहणारे, ठरविणारे आणि मारा करणारे. रडार, उपग्रह, मानवरहित विमाने व टेहळणी पथके पाहण्याचे काम करतात, मुख्यालये निर्णय घेतात, तर विमाने, तोफा व क्षेपणास्त्रे मारा करतात. पारंपरिक व्यवस्थेत हे घटक प्रत्येक दलात स्वतंत्रपणे एकामागे एक बांधलेले असत. जालबद्ध व्यवस्थेत कोणत्याही घटकाने पाहिलेली गोष्ट इतर सर्वांना उपलब्ध होते. सर्वांना एकाच वेळी दिसणाऱ्या या स्थितीस 'सामाईक चित्र' असे म्हणता येईल.

जोडणीचे गणित येथे महत्त्वाचे आहे. पाच तुकड्या परस्परांशी जोडल्यास १० दुवे तयार होतात, दहा तुकड्यांत ४५, तर पन्नास तुकड्यांत १,२२५. तुकड्या दहापट झाल्या तर दुवे शंभरपटीहून अधिक होतात. समर्थकांनी या गणितात सामर्थ्याची वाढ पाहिली आणि तिला आधारही होता. १९९१ च्या आखाती युद्धात हवाई कारवाईचा दैनंदिन आदेश शेकडो पृष्ठांचा असे. विमानवाहू नौकांवरील संदेशयंत्रणा त्यास पुरेशी नसल्याने त्याच्या प्रती विमानाने नौकांवर पोहोचवाव्या लागत. पुढील दशकात ही अडचण बऱ्याच अंशी दूर झाली. परंतु हे १,२२५ दुवे खऱ्या व खोट्या माहितीत भेद करीत नाहीत, ही गोष्ट या गणितात दिसत नाही.

३. पहिले आधुनिक माहितीजाल : डाउडिंग यंत्रणा

संगणकापूर्वीही लष्करी माहितीजाल अस्तित्वात होते. ब्रिटिश हवाई दलाच्या फायटर कमांडचे प्रमुख ह्यू डाउडिंग यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली यंत्रणा हे त्याचे उत्तम उदाहरण होय. किनाऱ्यावरील रडार केंद्रे समुद्राकडून येणारी विमाने टिपत, किनारा ओलांडल्यावर निरीक्षक दल डोळ्यांनी व दुर्बिणींनी त्यांचा माग घेई आणि ही सर्व माहिती दूरध्वनीच्या तारांवरून वाहत असे.

६ सप्टेंबर १९३९ रोजी, म्हणजे ब्रिटनने युद्ध पुकारल्यानंतर तिसऱ्या दिवशी, या यंत्रणेत एक गंभीर चूक घडली. शत्रूची विमाने येत असल्याचा चुकीचा इशारा मिळाला व लढाऊ विमाने आकाशात पाठविण्यात आली. नंतरच्या विश्लेषणानुसार, रडारला पुढची व मागची बाजू नीट वेगळी करता न आल्याने जमिनीकडून वर येणारी ही स्वकीय विमानेच शत्रू म्हणून नोंदली गेली. त्यांना तोंड देण्यासाठी आणखी विमाने गेली आणि पडद्यावरील 'शत्रू' वाढत गेला. अखेर ब्रिटिश स्पिटफायर विमानांनी दोन ब्रिटिश हरिकेन विमाने पाडली. त्यात एक वैमानिक मृत्युमुखी पडला. स्वतःच्याच प्रतिसादातून चूक कशी पोसली जाते, हे या घटनेत स्पष्ट दिसते.

तथापि, १९४० च्या उन्हाळ्यात हीच यंत्रणा ब्रिटनच्या बचावाचा कणा ठरली. याचे श्रेय केवळ रडारला देता येणार नाही. शत्रूची विमाने ओळखण्यासाठी, मित्रविमानातून विशिष्ट संकेत देणारे उपकरण बसविण्याच्या कामास गती मिळाली. त्याहून महत्त्वाची व्यवस्था म्हणजे बेंटली प्रायरी येथील मुख्यालयातील 'गाळणी कक्ष'. रडार केंद्रांची माहिती थेट लढाऊ तुकड्यांकडे जात नसे. ती प्रथम या कक्षात येई. तेथे परस्परविरोधी नोंदी ताडून पाहिल्या जात, एकाच तुकडीच्या दोन नोंदी एकत्र केल्या जात व त्यानंतरच चित्र पुढे पाठविले जाई. या कामात काही क्षण जात. डाउडिंग यांच्या यंत्रणेने वेगातील ही घट जाणीवपूर्वक स्वीकारली होती, हे येथे लक्षात घ्यावे.

४. एकच चित्र, दोन अर्थ : होर्मुझ, १९८८

३ जुलै १९८८ रोजी होर्मुझच्या सामुद्रधुनीत अमेरिकेच्या 'व्हिन्सेन्स' या युद्धनौकेने बंदर अब्बासहून दुबईस निघालेले इराणचे प्रवासी विमान क्षेपणास्त्राने पाडले. विमानातील सर्व २९० व्यक्ती मृत्यू पावल्या. नौकेवर त्या काळातील अत्यंत प्रगत 'एजिस' यंत्रणा होती. अमेरिकन चौकशीत असे आढळले की, यंत्रणेच्या नोंदी योग्य होत्या. विमान वर चढत होते व नागरी संकेत देत होते. प्रत्यक्षात मात्र, ते खाली झेपावत येणारे लढाऊ विमान आहे, असा समज तणावाखालील कर्मचाऱ्यांनी करून घेतला. जोडलेल्या नौकांच्या माहितीजालात या विमानाचा ओळखक्रमांक मध्येच बदलला होता आणि जुना क्रमांक दूरच्या दुसऱ्या विमानास मिळाला होता, याकडेही पुढील विश्लेषणांत लक्ष वेधले गेले.

जवळच असलेल्या 'साइड्स' या नौकेच्या कप्तानाने तेच विमान धोकादायक नसल्याचे मानले होते, असे त्यांनी पुढे जाहीरपणे लिहिले. याचा अर्थ योग्य निष्कर्ष त्याच परिसरात, त्याच जाळ्यात उपलब्ध होता. जाळ्याने विमानाची स्थिती, उंची व वेग वाहून नेला. एका अधिकाऱ्याचे वेगळे मत मात्र वेळेत पलीकडे पोहोचले नाही.

५. सामाईक चूक : बेलग्रेड, १९९९

७ मे १९९९ च्या रात्री नाटोच्या युगोस्लाव्हियावरील हवाई मोहिमेत अमेरिकन विमानाने बेलग्रेडमधील चिनी वकिलातीवर उपग्रहाच्या साहाय्याने दिशा घेणारे बॉम्ब टाकले. तीन चिनी नागरिक ठार झाले. अमेरिकेच्या स्पष्टीकरणानुसार लक्ष्य होते शस्त्रखरेदीशी संबंधित एक सरकारी कार्यालय. त्याचे स्थान नकाशावरून चुकीच्या रीतीने निश्चित करण्यात आले होते. चीनने हे स्पष्टीकरण मान्य केले नाही.

अमेरिकन गुप्तवार्ता प्रमुख जॉर्ज टेनेट यांनी जुलै १९९९ मध्ये संसदीय समितीपुढे दिलेल्या निवेदनातून दोन बाबी समोर आल्या. पहिली अशी की, लक्ष्याची पडताळणी अनेक माहितीसंचांत झाली, पण वकिलात १९९६ मध्ये नव्या जागी गेल्याची नोंद त्यांपैकी एकातही नव्हती. चार ठिकाणी विचारून चारही ठिकाणी तेच उत्तर मिळाले, तर आपण त्यास पुरावा मानतो. परंतु ती चारही ठिकाणे जुन्याच माहितीवर उभी असतील, तर ती पडताळणी म्हणजे केवळ पुनरुक्ती होय. दुसरी बाब अशी की, एका गुप्तवार्ता अधिकाऱ्यास या लक्ष्याविषयी शंका आली होती. ती त्याने बोलूनही दाखविली, परंतु हल्ला थांबवू शकणाऱ्या व्यक्तीपर्यंत ती वेळेत पोहोचली नाही. बॉम्ब दिलेल्या बिंदूवर अचूक पडले. चूक होती ती तो बिंदू ठरविण्यात.

६. जाळ्याचे शेवटचे टोक : अफगाणिस्तान व इराक

५ डिसेंबर २००१ रोजी अफगाणिस्तानात अमेरिकन विमानाने टाकलेला बॉम्ब अमेरिकन व मित्र अफगाण सैनिकांवरच पडला. तीन अमेरिकन सैनिक व अनेक अफगाण सैनिक ठार झाले. पुढे अफगाणिस्तानचे अध्यक्ष झालेले हमीद करझाई किरकोळ जखमी झाले. प्रसिद्ध वृत्तान्तानुसार स्थाननिश्चिती उपकरणाची बॅटरी बदलल्यानंतर त्यात लक्ष्याऐवजी उपकरणाचे स्वतःचेच स्थान दिसू लागले आणि तेच विमानास कळविले गेले.

२००३ च्या इराक युद्धात स्वकीय तुकड्यांची स्थाने पडद्यावर दाखविणारी यंत्रणा मोठ्या प्रमाणावर वापरली गेली व ती उपयुक्तही ठरली. तथापि, शत्रूविषयीची माहिती पुढच्या तुकड्यांपर्यंत त्याच सहजतेने पोहोचली नाही. वरिष्ठ मुख्यालयांकडे विपुल माहिती होती, पण वेगाने पुढे सरकणाऱ्या तुकड्यांना ती मिळविण्यासाठी थांबून ॲन्टेना उभारावे लागत. एप्रिलच्या प्रारंभी युफ्रेटिसवरील एक महत्त्वाचा पूल ताब्यात घेणाऱ्या बटालियनवर रात्री अपेक्षेपेक्षा कितीतरी मोठा प्रतिहल्ला झाला. तो परतविला गेला, परंतु त्याची पूर्वसूचना बटालियनच्या प्रमुखास मिळालेली नव्हती. याच युद्धात अमेरिकन पॅट्रियट क्षेपणास्त्रांनी ब्रिटनचे एक व अमेरिकेचे एक अशी दोन मित्रविमाने पाडली. त्यांत तीन वैमानिकी कर्मचारी मृत्यू पावले.

७. जाळे हेच लक्ष्य

जाळ्यावर विसंबणाऱ्या सैन्याचा प्रतिपक्ष जाळ्यावरच आघात करणार, हे उघड आहे. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, त्याच्या सुमारे तासभर आधी व्हायासॅट कंपनीच्या उपग्रह संदेशसेवेवर सायबर हल्ला झाला व हजारो मोडेम निकामी झाले. त्याचा परिणाम युक्रेनपुरता राहिला नाही. जर्मनीतील सुमारे ५,८०० पवनचक्क्यांचे दूरनियंत्रणही खंडित झाले. युरोपीय संघ, अमेरिका व ब्रिटन यांनी या हल्ल्यासाठी रशियास जबाबदार धरले. लष्करी व नागरी जाळी किती गुंतलेली आहेत, हेही यातून दिसून आले.

८. भारतीय संदर्भ

भारतीय हवाई दलाचे 'ॲफनेट' हे अंकीय संदेशजाल सप्टेंबर २०१० मध्ये कार्यान्वित झाले. त्यावर आधारलेल्या एकात्मिक हवाई नियंत्रण यंत्रणेचा उल्लेख मे २०२५ मधील 'ऑपरेशन सिंदूर'विषयीच्या सरकारी निवेदनांत प्रकर्षाने आला. ही प्रगती निश्चितच उल्लेखनीय आहे.

परंतु २७ फेब्रुवारी २०१९ ची घटनाही विसरता येणार नाही. त्या दिवशी पाकिस्तानी विमानांशी संघर्ष सुरू असताना काश्मीरमधील बडगाम येथे हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पाडले गेले. हवाई दलाचे सहा कर्मचारी व जमिनीवरील एक नागरिक मृत्युमुखी पडले. त्या सहांपैकी एक अधिकारी नाशिकचे होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये हवाई दलप्रमुखांनी ही मोठी चूक असल्याचे जाहीरपणे मान्य केले. १९३९ मध्ये ब्रिटनमध्ये व २०१९ मध्ये काश्मीरमध्ये प्रश्न एकच होता : समोर दिसणारा ठिपका आपला की परका? दरम्यानच्या ऐंशी वर्षांत उपकरणे पूर्णपणे बदलली, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) माहितीजाल हे सैन्याच्या सामर्थ्याचा गुणक आहे. मात्र तो चुकीचाही गुणक आहे.

(२) अनेक स्रोतांचे एकमत हे सत्याचे प्रमाण ठरत नाही. ते स्रोत परस्परांपासून स्वतंत्र असणे आवश्यक आहे.

(३) पाहणे व मारा करणे यांतील वेळ शून्याकडे नेणे हे सर्वत्र इष्ट मानता येणार नाही. गाळणीसाठी राखून ठेवलेला वेळ हा युद्धसज्जतेचाच भाग होय.

(४) कनिष्ठ अधिकाऱ्याची शंका निर्णय घेणाऱ्यापर्यंत नेणारी वाट ही संदेशवहन व्यवस्थेतील सर्वांत दुर्लक्षित वाट आहे. होर्मुझ व बेलग्रेड या दोन्ही ठिकाणी तीच अपुरी पडली.

लक्ष्य निवडण्याचे काम संगणकीय बुद्धिमत्तेकडे सोपविण्याची चर्चा जगभर सुरू असताना या निष्कर्षांचे महत्त्व वाढते. पानिपतानंतरचे दहा दिवस वार्तेची वाट पाहण्यात गेले. होर्मुझमध्ये विमान दिसल्यापासून ते पाडले जाईपर्यंत मोजकीच मिनिटे गेली. त्या मिनिटांत 'आपण चुकत आहोत' असे सांगणाऱ्या माणसास जाळ्यात स्थान आहे काय, हा प्रश्न युद्धशास्त्राच्या अभ्यासकाने प्रत्येक नव्या यंत्रणेस विचारला पाहिजे.