शालेय हिंसेचा प्रतिबंध आणि विद्यार्थी-मार्गदर्शक : निवड व मर्यादा यांचा विचार

प्रस्तावना

शाळेतील हिंसा म्हटले की वृत्तपत्रातील एखादी ठळक बातमी डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात या हिंसेचा फार मोठा भाग बातमीपर्यंत पोहोचतच नाही. मधल्या सुट्टीत हिसकावून घेतलेला डबा, रंगावरून किंवा आडनावावरून पडलेले आणि शाळा सुटेपर्यंत न सुटणारे टोपणनाव, स्वच्छतागृहाच्या भिंतीवर एखाद्या मुलीच्या नावाने लिहिलेला मजकूर, वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटातून फिरलेले छायाचित्र, ‘नाही’ म्हणणाऱ्या मुलीचा वर्गाच्या दारापर्यंत केलेला पाठलाग, हे सारे शाळेच्या दैनंदिन व्यवहारात इतके मिसळून गेलेले असते की त्यास हिंसा म्हणावे हेच अनेकांना पटत नाही. या घटनांच्या वेळी शिक्षक बहुधा उपस्थित नसतात. विद्यार्थी मात्र जवळजवळ नेहमीच असतात. शिक्षकांच्या कानावर गोष्ट येते तेव्हा ती तक्रारीचे रूप घेऊन येते आणि तोवर तिच्याभोवती दोन पक्ष तयार झालेले असतात.

म्हणूनच निरोगी नातेसंबंधांचे शिक्षण आणि हिंसेचा प्रतिबंध यांसाठी विद्यार्थ्यांमधूनच मार्गदर्शक तयार करावेत, हा विचार गेल्या तीन दशकांत अनेक देशांत पुढे आला. तो आकर्षक आहे, स्वस्तही आहे आणि त्यामुळेच तो तपासून घेणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात या उपक्रमांमागील तत्त्व, त्यांविषयी उपलब्ध असलेला अनुकूल व प्रतिकूल पुरावा आणि महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयांच्या संदर्भात उद्भवणारे प्रश्न यांची चर्चा केली आहे.

पाहणाऱ्यांचे मौन

१९६४ मध्ये न्यूयॉर्क शहरात किटी जेनोव्हीज या तरुणीचा खून झाला. अडतीस जणांनी तो प्रकार पाहिला आणि कोणीही हालचाल केली नाही, असे त्या वेळी छापून आले. ही संख्या आणि हे चित्र दोन्ही अतिरंजित होते, हे पुढे सिद्ध झाले. परंतु त्या बातमीने अस्वस्थ झालेल्या जॉन डार्ली आणि बिब लाताने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग मात्र टिकले. संकटाचे साक्षीदार जितके अधिक, तितकी प्रत्येकाच्या वाट्याची जबाबदारी कमी भासते. शिवाय प्रत्येक जण इतरांचे निर्विकार चेहरे पाहून ‘हे फारसे गंभीर नसावे’ असा अर्थ काढतो. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात हीच प्रक्रिया रोज घडते. जे चालले आहे ते अनेकांना मनातून आवडत नसते. परंतु ते आपल्या एकट्यालाच आवडत नाही, असा प्रत्येकाचा समज असतो.

फिनलंडमधील क्रिस्टिना सालमिवाल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये सहावीच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास करून छळाच्या घटनेतील भूमिकांची मांडणी केली. छळ करणारा आणि सोसणारा यांच्याखेरीज साथ देणारे, हसून उत्तेजन देणारे, बाजूला राहणारे आणि बचावासाठी उभे राहणारे, असे चार प्रकारचे विद्यार्थी त्यात आढळले. छळणाऱ्यास जे हवे असते ते बहुधा पीडिताकडून मिळत नाही. ते भोवतालच्या हशातून मिळते. हा मुद्दा मान्य केला तर सुधारणेचे लक्ष्यही बदलते. दोषी मुलास शिक्षा करणे पुरेसे ठरत नाही, त्याचा प्रेक्षकवर्ग बदलावा लागतो.

बोस्टनहून स्कॉटलंडकडे

या विचाराला शालेय कार्यक्रमाचे रूप देणाऱ्या आरंभीच्या प्रयत्नांत जॅक्सन कॅट्झ यांचा उल्लेख करावा लागतो. त्यांनी १९९३ मध्ये बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातील क्रीडा आणि समाज यांचा अभ्यास करणाऱ्या केंद्रात ‘मेंटर्स इन व्हायोलन्स प्रिव्हेन्शन’ हा उपक्रम सुरू केला. आरंभी तो महाविद्यालयीन खेळाडूंसाठी होता. पुरुष खेळाडूंना ‘संभाव्य गुन्हेगार’ म्हणून उपदेश केला की ते कान बंद करतात, हे ओळखून कॅट्झ यांनी त्यांना मित्र, संघसहकारी आणि साक्षीदार या नात्याने संबोधित केले. तुमच्या ओळखीचा मुलगा आपल्या मैत्रिणीला सर्वांसमोर दरडावतो आहे. तुम्ही तेथे आहात. आता काय कराल? चर्चेसाठी पुढे ठेवलेल्या पर्यायांत ‘काहीही न करणे’ हाही एक पर्याय असतो. तो प्रामाणिकपणे मांडला जातो, म्हणूनच चर्चा खरी होते. मध्ये पडून मारामारी करणे हा एकमेव पराक्रम नव्हे. त्या मुलाशी नंतर एकांतात बोलता येते, मुलीची विचारपूस करता येते, मोठ्या माणसाला सांगता येते, इतकी साधी गोष्ट अनेकांना प्रथमच सुचते.

स्कॉटलंडमध्ये हा उपक्रम पोलिसांच्या वाटेने आला, हे विशेष. स्ट्रॅथक्लाइड पोलिसांनी २००५ मध्ये हिंसा कमी करण्यासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. हिंसेकडे केवळ गुन्हा म्हणून न पाहता सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहण्याची त्याची भूमिका होती. दुसऱ्याच वर्षी या विभागाचे कार्यक्षेत्र संपूर्ण स्कॉटलंडपर्यंत विस्तारले आणि पुढील दशकाच्या आरंभी त्याने कॅट्झ यांचा उपक्रम तेथील माध्यमिक शाळांत आणला. शाळेतील शेवटच्या दोन वर्षांचे, म्हणजे साधारण सोळा ते अठरा वयाचे विद्यार्थी प्रशिक्षण घेतात आणि त्याच शाळेतील खालच्या वर्गांत जाऊन जोडीने सत्रे घेतात. नात्यातील नियंत्रण, अफवा, छायाचित्रे पसरवणे, शस्त्र बाळगणे असे विषय त्यांत येतात. प्रशिक्षित शिक्षक पाठीशी असतात, सत्र मात्र विद्यार्थीच चालवतात.

कोणास निवडावे?

अशा उपक्रमांच्या यशापयशाचा सर्वाधिक संबंध मार्गदर्शकांच्या निवडीशी येतो, असे मानण्यास सबळ आधार आहे. एलिझाबेथ पलक, हाना शेफर्ड आणि पीटर अॅरोनो यांचा २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या दृष्टीने मूलगामी आहे. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातील ५६ शाळा आणि २४,१९१ विद्यार्थी त्यात समाविष्ट होते. निम्म्या शाळांत विद्यार्थ्यांचा एक लहान गट निवडण्यात आला. कोणत्याही प्रकारची गुणवत्ता हा निकष नव्हता. निवड यादृच्छिक होती. या मुलांनी आपल्या शाळेतील नेहमीचे तंटे कोणते हे स्वतः ठरवले, भित्तिपत्रके केली, चांगले वागणाऱ्यास मनगटपट्ट्या वाटल्या. बाहेरून आणलेला उपदेश त्यांच्या तोंडी घातला गेला नाही. वर्षअखेरीस, उपक्रम न राबवलेल्या शाळांच्या तुलनेत या शाळांतील विद्यार्थी-संघर्षाच्या शिस्तभंग नोंदी ३० टक्क्यांनी कमी आढळल्या.

याहून महत्त्वाचा निष्कर्ष पुढचा आहे. अभ्यासकांनी प्रत्येक विद्यार्थ्यास, तो कोणाबरोबर वेळ घालवतो, हे आधीच विचारले होते. त्या उत्तरांतून शाळेतील संबंधांचे जाळे रेखाटले गेले आणि ज्यांच्याकडे इतरांचे सर्वाधिक लक्ष असते असे विद्यार्थी हाती लागले. यदृच्छेने ज्या गटात असे विद्यार्थी अधिक आले, तेथे परिणामही अधिक दिसला. हे विद्यार्थी शिक्षकांच्या यादीतील आदर्श विद्यार्थी असतीलच असे नाही. आपल्याकडे वर्गप्रमुख नेमताना पहिल्या बाकावरचा, गुणवत्ता यादीतला, शिक्षकांचा निरोप पोहोचवणारा विद्यार्थी निवडण्याचा प्रघात आहे. फळ्यावर ‘बोलणाऱ्यांची नावे’ लिहिण्याचे काम त्याच्याकडे असते. अशा मुलाने नातेसंबंधांवर सत्र घेतले तर मागच्या बाकांवर काय प्रतिक्रिया उमटेल, याची कल्पना कोणत्याही शिक्षकास करता येईल. ज्याच्या विनोदावर वर्ग हसतो, ज्याच्या गटात खेळायला मिळावे म्हणून इतर धडपडतात, ज्या मुलीच्या मताशिवाय मुलींचा घोळका काही ठरवत नाही, असे विद्यार्थी निवडणे शिक्षकांना जोखमीचे वाटते. पुरावा मात्र त्याच बाजूने झुकतो. मुंबईत २०१० च्या सुमारास शालेय क्रिकेट खेळणाऱ्या मुलांसाठी प्रशिक्षकांमार्फत राबवलेल्या ‘परिवर्तन’ या उपक्रमामागेही हेच गृहीत होते. मुले ज्याचे ऐकतात त्याच्याकडूनच स्त्री-सन्मानाची भाषा यावी, असा त्याचा हेतू होता.

प्रतिकूल पुरावा

येथपर्यंतचे विवेचन उत्साहवर्धक असले तरी ते अपुरे आहे. मारिया टोफी आणि डेव्हिड फॅरिंग्टन यांनी २०११ मध्ये छळविरोधी शालेय कार्यक्रमांच्या ४४ मूल्यमापनांचे एकत्रित विश्लेषण केले. असे कार्यक्रम एकंदरीत उपयुक्त ठरतात, छळ साधारण पाचव्या हिश्शाने कमी होतो, असे त्यांना आढळले. परंतु त्याच विश्लेषणात, समवयस्कांकरवी मध्यस्थी वा मार्गदर्शन करून घेणाऱ्या घटकांचा संबंध पीडितांचे प्रमाण वाढण्याशी आढळला. पीटर स्मिथ, सालमिवाल्ली आणि हेलन कोवी यांनी लगेच आक्षेप घेतला की परस्परांहून अगदी भिन्न अशा पद्धती येथे एकाच शीर्षकाखाली गोळा केल्या आहेत. वाद पूर्णपणे मिटलेला नाही. परंतु त्यातून एक इशारा निश्चित मिळतो. भांडण मिटवणारा पंच, मन मोकळे करण्याचा सोबती आणि सत्र घेणारा मार्गदर्शक ही तीन कामे एक नव्हेत. छळात सत्तेचा असमतोल असतो. तेथे पंधरा वर्षांच्या मुलास न्यायाधीश बनवून ‘दोघांनी समजून घ्या’ असे वदवणे म्हणजे दुबळ्यास पुन्हा बलवानासमोर उभे करणे होय.

भारतातील एक अभ्यास या संदर्भात डोळ्यांत अंजन घालणारा आहे. गोव्यातील ‘संगाथ’ या संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील ७४ माध्यमिक शाळांत ‘सेहर’ हा उपक्रम राबवला. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. प्रार्थनासभेतील चर्चा, भित्तिपत्रक, तक्रार व मनोगत टाकण्याची पेटी, विद्यार्थ्यांचे गट, गरजेनुसार व्यक्तिगत समुपदेशन असे त्याचे स्वरूप होते. काही शाळांत हे काम प्रशिक्षित परंतु व्यावसायिक नसलेल्या समुपदेशकाने केले, काहींत शाळेतील शिक्षकानेच. पहिल्या गटात शाळेचे वातावरण सुधारले, छळ व हिंसा घटली, नैराश्याची लक्षणेही कमी झाली. दुसऱ्या गटात असा परिणाम दिसला नाही. आराखडा एकच होता, काम करणारी व्यक्ती वेगळी होती. शिक्षकांच्या निष्ठेविषयी यातून काही अनुमान काढणे अन्यायाचे होईल. जो गुण देतो, हजेरी घेतो आणि क्वचित छडीही उगारतो, त्याच्याजवळ मूल काय बोलणार, हा प्रश्न मात्र उरतो. विद्यार्थी-मार्गदर्शकास वर्गप्रमुखाची सत्ता दिली की तोही याच रांगेत जाऊन बसतो.

महाराष्ट्राच्या संदर्भात

स्कॉटलंडमधील रचना येथे जशीच्या तशी उतरणार नाही. तेथे मार्गदर्शक आणि लहान विद्यार्थी एकाच इमारतीत वावरतात. जिन्यात, भोजनगृहात त्यांची रोज गाठ पडते. आपल्याकडे दहावीनंतर बहुतेकांची शाळाच सुटते. सोळा ते अठरा वयाचे विद्यार्थी कनिष्ठ महाविद्यालयात असतात आणि तेथील कला-वाणिज्य-विज्ञानाच्या वेळापत्रकात व खाजगी शिकवण्यांत हरवतात. जेथे उच्च माध्यमिक वर्ग शाळेलाच जोडलेले आहेत तेथे प्रश्न सोपा आहे. अन्यत्र नववीच्या विद्यार्थ्यांनी पाचवी-सहावीसाठी काम करणे अधिक व्यवहार्य ठरेल. महाविद्यालयांची राष्ट्रीय सेवा योजनेची पथके शेजारच्या शाळांना साहाय्य करू शकतात. परंतु सात दिवसांच्या शिबिरातील पथनाट्य म्हणजे मार्गदर्शन नव्हे. न्यू जर्सीतील गट वर्षभर पुन्हा पुन्हा भेटत होते, हे विसरून चालणार नाही.

शासकीय चौकटीची उणीव आहे असेही नाही. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाने २०१४ पासून समवयस्क शिक्षकांची कल्पना स्वीकारली आहे. २०२० च्या शालेय आरोग्य कार्यक्रमात नातेसंबंध, लिंगसमभाव आणि हिंसेपासून सुरक्षितता हे विषय असून प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांवर त्याची जबाबदारी आहे. मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रातील शाळांत ‘सखी सावित्री’ समित्या स्थापन करण्यास सांगण्यात आले. २०२४ मधील बदलापूरच्या घटनेनंतर या समित्या किती ठिकाणी प्रत्यक्षात आहेत, हा प्रश्न राज्यभर विचारला गेला. समितीचा फलक लावणे सोपे असते; तिच्यापर्यंत सहावीतल्या मुलीची गोष्ट पोहोचवणारी वाट तयार करणे कठीण असते.

गुपिताचा प्रश्न

या वाटेवर मार्गदर्शक विद्यार्थी उभा राहिला की एक गंभीर प्रसंग आज ना उद्या येणारच. सत्र संपल्यावर एखादे लहान मूल मागे रेंगाळते आणि ‘कोणाला सांगणार नसशील तर सांगतो’ असे म्हणते. मैत्रीच्या नीतीनुसार तसे वचन द्यावेसे वाटते. परंतु बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्याचे कलम १९ अशा अपराधाची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक करते आणि कलम २१ माहिती दडवण्यास शिक्षा सांगते. संस्थाप्रमुखासाठी ती अधिक कठोर आहे. अठरा वर्षांखालील मुलास या शिक्षेतून वगळले आहे. अठरा पूर्ण केलेल्या महाविद्यालयीन स्वयंसेवकास मात्र ही सूट नाही, ही गोष्ट राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. कायद्याची भीती बाजूला ठेवली तरी, एखाद्या बालकाच्या अत्याचाराचे ओझे दुसऱ्या बालकाच्या मनावर टाकून मोठ्यांनी मोकळे होणे समर्थनीय ठरत नाही.

त्यामुळे प्रशिक्षणाची सुरुवात संवादकौशल्यांपासून न होता या प्रसंगापासून झाली पाहिजे. मुलाने गुपिताचे वचन मागितले तर ‘हे मी एकट्याजवळ ठेवू शकणार नाही, पण मी तुझ्याबरोबर येतो, आपण बाईंकडे जाऊ’ हे वाक्य मार्गदर्शकाने आधी अनेकदा म्हणून पाहिलेले असावे. आणि त्या ‘बाई’ कोण, त्या रजेवर असतील तेव्हा कोणाकडे जायचे, हे मुख्याध्यापकांनी पहिल्या सत्राच्या आधी नावानिशी ठरवून मुलांना सांगितलेले असावे.