दार ते वेदी : चर्चच्या मधल्या दालनाची गोष्ट

फ्रान्सच्या उत्तरेला बोवे नावाचे गाव आहे. तिथल्या कॅथीड्रलचे छत 48 मीटर उंच आहे. मध्ययुगात याहून उंच गॉथिक छत कुणीच चढवले नाही. 1225मध्ये काम सुरू झाले, 1272मध्ये वेदीकडचा भाग पुरा झाला आणि 1284मध्ये त्याच छताचा मोठा तुकडा खाली आला. दुरुस्ती झाली. सोळाव्या शतकात 153 मीटर उंचीचा मनोरा उभारला, तोही 1573मध्ये कोसळला. मग पैसा संपला आणि हौसही फिटली. आज या चर्चला वेदी आहे, दोन्ही बाजूंचे बाहू आहेत. पण लोकांनी जिथे जमायचे, ते लांब दालनच नाही. त्या जागी दहाव्या शतकातल्या बुटक्या चर्चचा उरलेला भाग अजून उभा आहे.

या दालनाला वास्तुशास्त्रात नेव्ह म्हणतात. मुख्य दारापासून वेदीपर्यंत जाणारा हा मधला पट्टा. देवळात गाभारा पुजाऱ्याचा आणि सभामंडप लोकांचा, तसा चर्चमध्ये नेव्ह लोकांचा. फोटो निघतात ते मनोऱ्यांचे, घुमटांचे आणि रंगीत काचांचे. पण सतराशे वर्षांत चर्चबांधणीने जी मोठी वळणे घेतली, ती बहुतेक या दालनापायी. प्रश्न दोनच होते : एवढ्या लोकांच्या डोक्यावर छत घालायचे कसे, आणि त्यांना वेदीच्या किती जवळ येऊ द्यायचे?

न्यायालयाचा नकाशा

313मध्ये रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्म उघडपणे पाळायला मुभा मिळाली आणि मोठ्या वास्तूंची गरज पडली. रोमन देवळांचा नमुना उपयोगाचा नव्हता. त्या देवळात देव आत राही आणि बळी बाहेरच्या वेदीवर दिला जाई; गर्दीही बाहेरच. ख्रिस्ती उपासनेला मात्र सगळ्यांनी एका छपराखाली जमायचे होते. म्हणून बांधणाऱ्यांनी नजर वळवली ती बॅसिलिकाकडे. बॅसिलिका म्हणजे न्यायनिवाडा, व्यापार, सरकारी कामकाज यांसाठी बांधलेले लांबलचक सार्वजनिक दालन. सम्राट ट्रेजनने 112मध्ये रोममध्ये खुली केलेली बॅसिलिका उल्पिया ही त्यातली सर्वांत थोर.

नकाशा तोच ठेवून एक बदल केला. बॅसिलिकात सहसा लांब बाजूने शिरत. चर्चमध्ये दार आखूड बाजूला आले आणि वेदी समोरच्या टोकाला गेली. एवढ्याने दालनाला दिशा मिळाली. आत पाऊल टाकताच नजर आणि पाय दोन्ही वेदीकडे ओढले जातात. रोममधले 422 ते 432 या काळातले सांता सबिना हे चर्च आजही हे स्पष्ट दाखवते : मधले उंच दालन, दोन्ही बाजूंना बुटक्या ओवऱ्या, मध्ये जुन्या रोमन इमारतीतून आणलेले 24 खांब, आणि ओवऱ्यांच्या छपरावरून उजेड आत घेणारी खिडक्यांची रांग. राव्हेना इथल्या सांत अपोलिनारे नुओव्हो चर्चमध्ये तर भिंतीही चालतात. सहाव्या शतकातल्या मोझेइकमध्ये एका भिंतीवर 22 कुमारिका आणि दुसरीवर 26 हुतात्मे ओळीने वेदीच्या दिशेने निघाले आहेत.

मराठी वाचकाला हा आराखडा अनोळखी वाटू नये. कार्ल्याच्या चैत्यगृहात उंच मधले दालन आहे, 37 खांब आहेत, बाजूला अरुंद ओवऱ्या आहेत आणि टोकाला अर्धवर्तुळात स्तूप आहे. एकोणिसाव्या शतकात जेम्स फर्ग्युसन या अभ्यासकाने चैत्याची तुलना थेट सुरुवातीच्या चर्चशी केली होती. एकाने दुसऱ्याचे उचलले, असे म्हणायचे कारण नाही. पुष्कळ माणसे आणि एक पूज्य वस्तू एका छताखाली आणायची म्हटल्यावर दोघे एकाच उत्तरापाशी पोचले. चैत्यात ओवऱ्या स्तूपामागे जुळतात, कारण प्रदक्षिणा घालायची असते. पुढे फ्रान्स-स्पेनमधल्या तूलूझ आणि सांतियागो या यात्रेच्या चर्चांतही ओवरी वेदीमागून फिरवली गेली, यात्रेकरूंना अवशेषांभोवती फिरता यावे म्हणून. फरक मोठा आहे तो एकच : कार्ल्याला दगड कोरून काढला, त्यामुळे छत पडण्याची चिंता नव्हती. युरोपातल्या गवंड्याची झोप मात्र याच चिंतेने उडाली होती.

छताचे ओझे

लाकडी छप्पर हलके असते, पण पेटते. दगडी कमानछत पेटत नाही, पण भिंतींना बाहेर ढकलते. भिंती जाड केल्या की खिडक्या लहान होतात आणि दालन अंधारते. अकराव्या ते तेराव्या शतकांतली चर्चबांधणी म्हणजे या कोंडीतून काढलेली वाट.

इंग्लंडमधल्या डरहॅम कॅथीड्रलमध्ये (1093 ते 1133) ही वाट सापडताना दिसते. नेव्हचे गोल खांब असे अवाढव्य आहेत, की त्यांचा घेर आणि उंची दोन्ही 6.6 मीटर. त्यांवर नागमोडी रेघा, चौकटी, तिरके पट्टे खोल कोरले आहेत. ही नक्षी खांब उभा राहिल्यावर कोरलेली नाही. एकेक दगड आधी घडवून मग रचला आहे. पण खरी करामत डोक्यावर आहे. दगडी बरगड्या एकमेकींना छेदत जातात आणि टोकदार कमानी भार खांबांकडे वळवतात, त्यामुळे सबंध भिंतीने ओझे पेलायची गरज उरत नाही.

1194च्या आगीनंतर उभारलेल्या शार्त्रच्या चर्चने पुढचे पाऊल टाकले. बाहेरून तिरप्या आधारकमानी लावून छताचा रेटा हवेतून जमिनीकडे नेला. भिंतीचे काम हलके झाले आणि तिच्या जागी काच आली. नेव्हचे छत 37 मीटरवर गेले. आमियांने 1220नंतर 42 मीटर गाठले आणि या चढाओढीचा शेवट बोवेला झाला. दगडी छताची किंमत पॅरिसने अलीकडेच अनुभवली. 15 एप्रिल 2019ला नोत्र दामचे लाकडी छप्पर जळून खाक झाले, शिखर छत फोडून आत कोसळले. तरी बाकीचे बहुतेक दगडी छत तगले, म्हणूनच डिसेंबर 2024मध्ये ते चर्च पुन्हा उघडता आले.

कोण कुठवर येणार?

छताचा प्रश्न सुटला, अंतराचा सुटला नाही. डरहॅमच्या नेव्हमध्ये, दाराजवळच्या बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी, फरशीत काळ्या दगडाची एक रेघ आहे. चर्च मठाचे होते. स्त्रियांनी त्या रेघेपुढे यायचे नाही, असा नियम होता. इतरत्र नेव्ह आणि वेदी यांच्यामध्ये लाकडी किंवा दगडी जाळीची भिंत असे. लोकांना पलीकडचे मंत्र ऐकू येत, धर्मगुरू मात्र अर्धामुर्धा दिसे.

जाळीच्या अलीकडचा भाग मात्र लोकांनी आपला मानला. इंग्लंडमधल्या गावच्या चर्चांत वेदीच्या भागाची डागडुजी धर्मगुरूकडे आणि नेव्हची गावाकडे, अशी वाटणीच होती. बाके फार उशिरा आली. त्याआधी लोक उभे राहत. लंडनच्या जुन्या सेंट पॉल चर्चच्या नेव्हमध्ये तर सोळाव्या-सतराव्या शतकांत बातम्यांचा आणि सौद्यांचा बाजार भरे. मार्टिन ल्यूथरनंतरच्या सुधारणेने प्रवचनाला केंद्रस्थान दिले, तेव्हा नेव्ह ही ऐकण्याची जागा झाली आणि बाके पक्की झाली.

कॅथलिक पंथानेही उत्तर दिले. 1568मध्ये रोममध्ये जेझुइट या कॅथलिक धर्मसंघासाठी वास्तुकार व्हिन्योलाने जेझू चर्चची आखणी केली. खांबांच्या रांगा आणि ओवऱ्या काढून टाकल्या, एकच रुंद दालन ठेवले, बाजूला लहान लहान वेद्या दिल्या. कुठेही उभे राहा, वेदी दिसते आणि प्रवचन ऐकू येते. सेंट पीटर्समध्ये मायकेलअँजेलोला घुमटाभोवती चारी बाजूंनी सारखी वास्तू हवी होती. पण मिरवणुकींना आणि गर्दीला जागा पुरेना, म्हणून कार्लो मादेर्नोने 1607पासून पुढे लांब नेव्ह जोडला. त्यापायी चौकातून पाहताना घुमट मागे दडतो. लोकांच्या सोयीपुढे घुमटाने माघार घेतली.

गोव्याचा अध्याय

जेझुइट हाच विचार घेऊन गोव्याला आले. ओल्ड गोव्याचे बॉम जेझुस 1594मध्ये सुरू झाले आणि 1605मध्ये पुरे झाले. आत खांबांची रांग नाही. सुमारे 183 फूट लांब आणि 55 फूट रुंद असे एकच मोकळे दालन, टोकाला सोन्याने मढवलेली वेदी. प्रवचनाचा कोरीव लाकडी मंच वेदीपाशी नाही, दालनाच्या दक्षिण भिंतीवर लोकांच्या मधोमध आहे; खालच्या बाजूला सात मूर्ती जणू तो खांद्यावर तोलून धरतात. समोरच्या से कॅथीड्रलने (1562 ते 1619) जुना आराखडा ठेवला : उंच मधले दालन आणि दोन्ही बाजूंना ओवऱ्या. दोन्ही विचार रस्त्याच्या दोन बाजूंना उभे आहेत. टेकडीवरच्या सेंट ऑगस्टीनची कथा वेगळी. 1835मध्ये मठवासीयांना घालवले गेले, देखभाल थांबली आणि 1842मध्ये नेव्हचे कमानछत कोसळले. आता तिथे आभाळाखाली फरशा आणि भिंती उरल्या आहेत.

विसाव्या शतकात अंतराचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (1962 ते 1965) लोकांच्या सहभागावर भर दिला. धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभा राहू लागला आणि लोकभाषेला वाव मिळाला. वसईत मिस्सा मराठीतून होते, ती याच बदलामुळे. 1967च्या लिव्हरपूलच्या कॅथलिक कॅथीड्रलने लांब नेव्ह काढूनच टाकला; वेदी मध्ये, लोक गोलाकार भोवती. बार्सिलोनात वास्तुकार गौदीच्या साग्रादा फामिलिया चर्चने मात्र तो राखला. 2010मध्ये अभिषेक झालेल्या त्या दालनात खांब वर जाऊन झाडासारखे फुटतात आणि 45 मीटरवरचे छत पेलतात.

थोर चर्च कोणते, हे मनोऱ्याच्या उंचीवरून ठरवू नये. पुढे कुठल्याही चर्चमध्ये शिरलात, मग ते वसईचे असो की रोमचे, तर आधी दारातच थांबा. छताचे ओझे कुठे उतरते, उजेड कुठून येतो आणि शेवटच्या रांगेतल्या माणसाला वेदी दिसते का, एवढे तीन प्रश्न विचारा. ती वास्तू कुणासाठी बांधली, ते तिथेच कळेल.