आपलीं पावलें मोजणारी यंत्रगाडी

हल्लीं शाळकरी मुलेंही विज्ञानप्रदर्शनासाठीं छोट्या यंत्रगाड्या करूं लागलीं आहेत. दोन पिवळ्या मोटारी, दोन चाकें, चार बॅटऱ्या आणि एक आर्डुइनो बोर्ड इत्यादि सामग्री जमली कीं गाडी तयार होते. परंतु ती सरळ जावी म्हणून सोडली असतां थोड्याच अंतरावर एका बाजूस वळते. मग मुलाचा समज होतो कीं मोटारी हलक्या प्रतीच्या आहेत, आणि तो वडिलांपाशीं महागड्या मोटारींचा हट्ट धरतो. आपल्या चंदगड तालुक्यांत ज्या घरांचें वर्षाचें गणित उसावर नाहीं तर काजूवर अवलंबून असतें, त्यांनीं हा हट्ट पुरवावा काय? पैसे मोजण्यापूर्वीं या गाडीचा खरा दोष समजून घेणें अवश्य आहे.

एकाच कारखान्यांतून निघालेल्या दोन मोटारी तंतोतंत सारख्या नसतात. एकीस घर्षण थोडें अधिक, दुसरीस थोडें कमी. शिवाय बॅटरी उतरत गेली कीं दोहींचा वेग घटतो. आपण गाडीस ‘दोन सेकंद चाल’ अशी आज्ञा देतों. ती काळाची आज्ञा झाली, अंतराची नव्हे. आपण किती चाललों हें गाडीस कळतच नाहीं. डोळ्यांस पट्टी बांधलेल्या मनुष्यानें पावलें मोजलीं तर तो दारापर्यंत अंदाजानें पोंचेल. न मोजतां निघाला तर भिंतीवर आपटेल. तद्वत् गाडीसही पावलें मोजावयास शिकविलें पाहिजे.

ही कल्पना नवी नाहीं. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं व्हिट्रूव्हियस या रोमन ग्रंथकारानें अंतर मोजणाऱ्या एका गाडीचें वर्णन केलें आहे. तिचें चाक एका फेऱ्यांत साडेबारा फूट जाई. असे ४०० फेरे झाले म्हणजे ५००० फूट, अर्थात् एक रोमन मैल पुरा होई, आणि दांतेरी चाकांच्या योगानें एक खडा खालच्या भांड्यांत पडे. प्रवासाअंतीं खडे मोजले कीं मैल कळत. आजच्या यंत्रगाडींत खड्याचें काम प्रकाश करतो, एवढाच भेद.

या मोजणाऱ्या साधनास एन्कोडर म्हणतात. स्वस्तांतला एन्कोडर म्हणजे चाकाच्या आंसावर बसविलेली, कडेला खांचा असलेली एक चकती. तिच्या एका बाजूस अवरक्त प्रकाशाचा दिवा व दुसऱ्या बाजूस तो प्रकाश ओळखणारा डोळा असतो. खांच समोर आली कीं प्रकाश पोंचतो, भरीव भाग आला कीं अडतो. प्रत्येक खांचेगणिक विजेचा एक ठोका बोर्डाकडे जातो. आतां हिशेब पाहूं. चकतीस २० खांचा आणि चाकाचा व्यास ६५ मिलिमीटर असेल, तर परीघ सुमारें २०४ मिलिमीटर भरतो. म्हणून एक ठोका म्हणजे सुमारें १०.२ मिलिमीटर, आणि एक मीटर म्हणजे ९८ ठोके.

ठोके हातीं आले कीं गाडी सरळ नेणें सोपें. दर दशांश सेकंदास दोन्ही चाकांचे ठोके ताडून पहावे. जें चाक पुढें गेलें असेल त्याची वीज किंचित् कमी करावी. ठोका चुकूं नये म्हणून आर्डुइनो उनो बोर्डावर २ व ३ क्रमांकांचे जोड वापरावे. तेथें ठोका येतांच बोर्ड हातचें काम क्षणभर थांबवून त्याची नोंद घेतो.

मात्र एका डोळ्यास चाक पुढें फिरलें कीं मागें, हें सांगतां येत नाहीं. त्यासाठीं दोन डोळे किंचित् पुढें-मागें बसवितात; आधीं कोणता उघडतो यावरून दिशा कळते. संगणकाच्या जुन्या, गोळीच्या माउसांत अशाच खांचांच्या दोन चकत्या व त्यांचे डोळे असतात. भंगारांत असा माउस मिळाल्यास अवश्य उघडून पहावा.

महाविद्यालयांतही तत्त्व हेंच आहे. मुंबईच्या पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ई-यंत्र उपक्रमांत ‘फायर बर्ड ५’ नांवाचें यंत्र वापरण्यांत आलें. त्याचें चाक ५१ मिलिमीटर व्यासाचें, चकतीस खांचा ३०. म्हणजे एक ठोका सुमारें ५.३ मिलिमीटरांचा. भेद आहे तो सूक्ष्मतेचा. आपल्या गाडीच्या दोन चाकांत १४० मिलिमीटर अंतर असेल, तर जागच्या जागीं काटकोनांत वळतांना प्रत्येक चाकाचे जेमतेम ११ ठोके होतात. दोन्हींकडे एकेक ठोका अधिक झाला तरी गाडी सुमारें ८ अंश जास्त वळते. याहून बारीक काम हवें असेल तेव्हां मोटारीच्याच मागील आंसावर चुंबकाचा एन्कोडर बसवितात. मोटारीच्या एका फेऱ्यास ७ ठोके आणि तिचे १०० फेरे झाले कीं चाकाचा एक, असें असल्यास चाकाच्या एका फेऱ्यास ७०० ठोके मिळतात.

तथापि हें मापही डोळे मिटून खरें मानूं नये. ओल्या रानांत उसाची ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरचें चाक जागच्या जागीं फिरतांना आपण पाहतों. एन्कोडर तेथें असता तर त्यानें फेरे मोजले असते, पण ट्रॅक्टर तसूभरही हलला नसता. एन्कोडर चाकाचा साक्षी आहे, जमिनीचा नव्हे. म्हणून पुढील तीन कसोट्या घ्याव्या. पहिली : चाक हातानें दहा वेळां फिरवावें, २०० ठोके यावयास हवे. पुष्कळ अधिक आल्यास डोळ्याच्या संकेत-तारेंत व ऋण तारेंत ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडावा, म्हणजे खोटे ठोके बहुधा थांबतात. दुसरी : उन्हांत मोजणी बिघडल्यास डोळ्यावर काळ्या कागदाचें आच्छादन घालावें. तिसरी : फरशीवर खडूनें दोन मीटरांच्या खुणा करून गाडी पांच वेळां चालवावी व प्रत्येक वेळचे ठोके वहींत लिहावे. त्यांच्या सरासरीवरून जें माप निघेल तेंच आपल्या गाडीचें खरें माप. पुस्तकी हिशेबाहून तें थोडें निराळें निघेल.

विद्यार्थीमित्रहो, नवी मोटार मागण्याआधीं ही वही भरा. पालकांसही विनंती आहे कीं मुलानें महाग वस्तू मागितल्यास ‘नाहीं’ म्हणण्यापूर्वीं व ‘होय’ म्हणण्यापूर्वींही त्याची ती वही पहावी. ठोके बरोबर मोजले गेल्यावर आणि चाक घसरत नाहीं याची खात्री झाल्यावरही काम अडत असेल, तर मागणी योग्य आहे. वही कोरी असेल, तर अधिक किंमतीची मोटारही तितकीच आंधळी राहील, आणि तीही भिंतीकडेच वळेल.