अंगणातल्या कोब्याचा हिशेब

मागच्या अंगणात धुणी-भांडी करायला किंवा मोटारसायकल उभी करायला काँक्रीटचा कोबा घालायचे ठरले की पहिला प्रश्न येतो, सिमेंट किती गोण्या? मिस्त्री जागेवर नजर फिरवून सांगतो, "दहा आणून ठेवा." त्याचा अंदाज अनुभवाचा असतो, पण पैसे आपल्या घरातले जातात. माल कमी पडला तर काम अर्ध्यावर थांबते. आज घट्ट झालेल्या काँक्रीटला उद्याचा माल नीट धरत नाही आणि त्याच सांध्यावर पुढे भेग पडते. माल जास्त झाला तर उरलेले सिमेंट दमट हवेत गोणीतच दगड होते. हे टाळायला शाळेतले घनफळाचे गणित पुरते. आम्ही मुलांना वर्गात शिकवतो तेच.

समजा, जागा १२ फूट लांब, १० फूट रुंद आणि कोब्याची जाडी ४ इंच. ४ इंच म्हणजे एक तृतीयांश फूट. १२ गुणिले १० म्हणजे १२०, त्याचा तिसरा भाग ४० घनफूट. एवढे काँक्रीट लागेल.

पण ४० घनफूट माल आणून भागत नाही. कोरड्या खडीत पोकळ्या असतात. पाणी घालून कालवले की वाळू आणि सिमेंट त्या पोकळ्यांत बसतात आणि माल आकसतो. म्हणून कोरडा माल साधारण १.५४ पट धरतात. ४० गुणिले १.५४ म्हणजे ६१.६ घनफूट.

अशा साध्या कोब्याला १:२:४ हे प्रमाण चालते. एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग खडी, एकूण ७ भाग. ६१.६ भागिले ७ म्हणजे ८.८ घनफुटांचा एक भाग. ५० किलोच्या गोणीत सुमारे सव्वा घनफूट सिमेंट असते. सांडलवंड धरून ८ गोण्या पुरतात. वाळू १८.५ आणि खडी ३७ घनफूट लागते. वाळू ओलसर असेल तर ती फुगलेली असते, म्हणून पाचवा हिस्सा जास्त धरून २२ घनफूट घ्यावी.

वाळू-खडी ब्रासवर मिळते. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. आपल्याला पाव ब्रास वाळू आणि अर्धा ब्रास खडी पुरून उरते. टेम्पो आला की रिकामा होण्याआधी आतल्या मालाची लांबी, रुंदी, उंची टेपने मोजा. ८ फूट, ५ फूट आणि सव्वा फूट असेल तर बरोबर ५० घनफूट, म्हणजे अर्धा ब्रास.

हिशेब चुकतो तो बहुधा जाडीत. मुरूम टाकून, पाणी मारून, धुमसाने ठोकल्यावर दोरी ताणा. नऊ ठिकाणी दोरीपासून खालपर्यंत मोजा आणि सरासरी काढा. ४ ऐवजी ५ इंच आली तर काँक्रीट ४० वरून ५० घनफुटांवर जाते आणि गोण्या ८ च्या १० होतात. एक इंच खड्ड्यापायी दोन गोण्या जातात. तिथे आधी मुरूम भरणे स्वस्त पडते. पाण्याचा उतारही मुरमातच काढून घ्यावा, म्हणजे जाडी सगळीकडे सारखी राहते.

माल कालवताना घमेल्याचा अंदाज नको. आतून १५ इंच लांब, १२ इंच रुंद आणि १२ इंच उंच अशी फळ्यांची पेटी करून घ्या. ती सव्वा घनफुटाची होते. एका गोणीला दोन पेट्या वाळू, चार पेट्या खडी. पाणी १५ लिटरच्या बादलीने दोन बादल्या, वाळू ओली असेल तर त्याहूनही कमी. माल सरकवायला सोपा जावा म्हणून पाणी वाढवले तर कोबा कच्चा राहतो आणि वरून भुकटी निघते.

दुसऱ्या दिवसापासून कोबा ओला ठेवायचा. गोणीवर ओपीसी लिहिले असेल तर किमान ७ दिवस, पीपीसी असेल तर १०. हे काम घरातली माणसेच करू शकतात.

हा हिशेब जमिनीवरच्या कोब्यापुरता आहे. छताच्या स्लॅबला लोखंड आणि भार यांचा विचार लागतो, ते इंजिनिअरकडूनच करून घ्यावे.

कागदावर हे आकडे मांडून मिस्त्रीला काम सुरू होण्याआधी दाखवा. चांगला कारागीर याने दुखावत नाही. मोजमाप आधीच ठरले की माल कुठे गेला म्हणून पुढे कोणाच्याच मनात किंतू राहत नाही.