माळ्याचे उष्णतानिरोधन

घराच्या छपराखालील माळा राहण्यासाठी वापरात आणला असता, छपरातून आत येणारी व थंडीत बाहेर जाणारी उष्णता रोखण्याच्या व्यवस्थेस ‘माळ्याचे उष्णतानिरोधन’ म्हणतात. सामानाचा माळा व वस्तीचा माळा यांचे निरोधन ही दोन वेगळी कामे होत. माळ्यावर केवळ सामान असेल, तर निरोधक थर त्याच्या जमिनीवर पुरतो. छप्पर तापले तरी ती उष्णता माळ्यातच राहून वाऱ्याबरोबर निघून जाते. माळ्यावर माणसे राहू लागली की, उष्णता जेथे अडवावयाची ती सीमा जमिनीवरून छपराच्या उतारावर सरकते आणि निरोधनही तेथेच न्यावे लागते. पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत जुन्या घरांचे रूप पालटताना नेमक्या याच गोष्टीकडे दुर्लक्ष होते.

हे तालुके सह्याद्रीच्या माथ्यापासून पूर्वेकडे पसरलेले आहेत. भीमाशंकर, नाणेघाट व माळशेज घाट यांच्या बाजूस मुसळधार पाऊस पडतो. मंचर, नारायणगाव, बेल्हे या बाजूंस जावे तसे त्याचे प्रमाण झपाट्याने घटते. सु. 690 मी. उंचीवरील जुन्नर शहर व त्याच्या परिसरात एप्रिल-मेमधील दुपारचे तापमान 40° से.च्या आसपास जाते, तर हिवाळ्यात काही रात्री ते 10° से.च्या खाली उतरते. त्यामुळे येथे निरोधनाचा उपयोग दोन्ही ऋतूंत होत असला, तरी मुख्य प्रश्न उन्हाचाच आहे.

जुन्या वाड्यांत हा प्रश्न बांधणीतच सुटलेला असे. तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट व त्यांवर चोपून बसविलेला मातीचा जाड थर, अशा कडीपाटाच्या छतामुळे खालचे माजघर भर दुपारीही थंड राही. माळ्यावर धान्य, कांदे, गोवऱ्या व अडगळ असे. कौलांच्या फटींतून वारा खेळे आणि चुलीचा धूर तेथूनच बाहेर पडत असल्याने लाकडाला कीडही कमी लागे. पश्चिमेकडील महादेव कोळी व ठाकर वस्त्यांत कारवीच्या कुडाची व गवताने शाकारलेली घरे असत. गवताचा जाड थर हा स्वतःच उत्तम निरोधक होय. मंगळूर येथे 1865 मध्ये यंत्रावर कौले बनविण्याचा कारखाना निघाल्यानंतर मंगलोरी कौले दूरवर पसरली आणि पुढे पन्हळी पत्रा आला. दरवर्षीची शाकारणी व माकडांनी फोडलेली कौले यांतून सुटका झाल्याने पत्र्याचा स्वीकार होणे स्वाभाविकच होते. मात्र कुटुंब वाढल्यामुळे पत्र्याखालच्या माळ्याचीच खोली झाली. मातीचा थर आता तिच्या पायाखाली राहिला व डोक्यावर फक्त पत्रा उरला.

उन्हात पत्र्याचे तापमान 60° से.च्या वर जाते. पत्रा उष्णतेला जवळजवळ कोणताच रोध करीत नाही. जो काही रोध असतो, तो त्याच्या दोन्ही बाजूंस लागून असलेल्या हवेच्या पातळ थरांचा. अशा छपरातून दर चौ. मी.मधून, आतल्या व बाहेरच्या तापमानांतील प्रत्येक अंश फरकामागे, सु. 4·8 वॉट उष्णता आत येते. पत्र्याखाली 5 सेंमी. जाडीची खनिज लोकर (उष्णतावाहकता सु. 0·04 वॉट प्रती मी. प्रती अंश से.) बसविल्यास हा आकडा सु. 0·7 वर, म्हणजे सातव्या हिश्श्यावर येतो. लाकडी वाशांतून होणारे वहन धरल्यास प्रत्यक्ष लाभ काहीसा कमी भरतो. भारत सरकारच्या 2018 सालच्या ‘इको निवास संहिते’ने निवासी इमारतींच्या छपरासाठी 1·2 ही कमाल मर्यादा सुचविली आहे. लोकरीइतकाच रोध मातीने मिळवावयाचा तर थर 70 सेंमी.हून जाड करावा लागेल, व तो पेलणारे छप्पर कोणी बांधीत नाही. मातीचा गुण निराळा आहे : ती उष्णता साठवून काही तास उशिरा सोडते. लेण्याद्री व मानमोडी येथील लेण्यांत हा गुण पराकोटीस गेलेला दिसतो. तेथे कातळाच्या प्रचंड वस्तुमानामुळे ऋतू बदलला तरी आतील हवेत फारसा फरक पडत नाही.

निरोधक बसविताना पत्रा किंवा कौले व निरोधक यांमध्ये 2·5 ते 5 सेंमी. मोकळी जागा सोडतात. वळचणीतून शिरलेली हवा या पोकळीतून वर चढून आढ्यापाशी बाहेर पडते व तापलेल्या छपराची बरीच उष्णता बरोबर नेते. दोन्ही तोंडांस बारीक जाळी लावावी लागते, अन्यथा उंदीर, चिमण्या व गांधीलमाश्या तेथे घर करतात. वाशांमध्ये निरोधक घट्ट बसवून खालून फळ्यांची किंवा जिप्समची तक्तपोशी करतात. ॲल्युमिनियमचे चकचकीत पत्रक वापरावयाचे असल्यास त्याची चकचकीत बाजू पोकळीकडे व शक्यतो खाली तोंड करून असावी. वर तोंड केल्यास धूळ साचून तिची प्रारण रोखण्याची शक्ती जाते, आणि पोकळीच न ठेवल्यास ते पत्रक निरुपयोगी ठरते.

सर्वाधिक चुका होतात त्या बुटक्या बाजूभिंतींपाशी. उतार जेथे फार खाली येतो तेथे फळ्यांची भिंत उभारून मागचा त्रिकोणी कोपरा सामानासाठी सोडतात. वळचणीची तप्त हवा या कोपऱ्यात शिरते व जमिनीच्या कड्यांमधून थेट खोलीखाली पोचते. म्हणून निरोधन एकतर उतारावरून वळचणीपर्यंत सलग न्यावे, किंवा बुटक्या भिंतीस व तिच्यामागील जमिनीस करून भिंतीखालील कड्यांमधल्या फटी बुजवाव्यात. अर्धवट काम केल्यास खर्च होऊनही खोली तापतच राहते.

निरोधनाने उष्णता येणे मंदावते, तसे ती जाणेही मंदावते. उघडा पत्रा सूर्यास्तानंतर लवकर निवतो. निरोधित खोलीत मात्र माणसांची, दिव्यांची व उपकरणांची उष्णता कोंडून राहू शकते. यासाठी समोरासमोर खिडक्या किंवा उंचावर झरोके ठेवून रात्रीचा गार वारा आत घेणे आवश्यक असते. अशी सोय नसलेल्या निरोधित माळ्यावर वृद्धांना व तान्ह्या मुलांना रात्री झोपविणे दिवसाइतकेच त्रासदायक ठरते. वातानुकूलन यंत्र घ्यावयाचेच असेल, तर ते निरोधनानंतर घ्यावे; तेव्हा बरेच लहान यंत्र पुरते.

हिवाळ्यातील निरभ्र रात्री पत्रा भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होऊन त्याच्या खालच्या अंगास दव सुटते. हे पाणी लोकरीत मुरल्यास तिचा रोध घटतो व वासे कुजतात, म्हणून खोलीच्या बाजूस बाष्परोधक पत्रक लावतात. पश्चिम पट्ट्यात गळती शोधून काढल्याखेरीज काम सुरू करूच नये. कांद्यासाठी वारा खेळता लागतो, तर निरोधित खोलीस फटी नको असतात. दोहोंसाठी एकच माळा वापरता येत नाही.

पॉलिस्टायरीनचा फेस स्वस्त असला, तरी ज्वलनशील असून जळताना विषारी धूर सोडतो. तो उघडा ठेवू नये व विजेच्या जुन्या तारा त्यात गाडू नयेत. ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे असल्यास ते कापणे किंवा त्यांना भोके पाडणे टाळावे, कारण त्यांची धूळ फुप्फुसांस घातक असते. अशा वेळी तक्तपोशी स्वतंत्र चौकटीवर उभारतात. ज्यांना एवढा खर्च झेपत नाही, त्यांच्यासाठी पत्र्यास बाहेरून चुन्याचा किंवा पांढऱ्या परावर्तक रंगाचा हात देणे व आत बांबूच्या तट्ट्यांचे छत करणे हा उपाय आहे. ताजा पांढरा थर उन्हाचा सु. तीन-चतुर्थांश भाग परत फेकतो. पूर्वेकडील कोरड्या गावांत तो बऱ्यापैकी टिकतो. घाटाकडील पावसात मात्र चुना धुऊन जातो व दर उन्हाळ्यापूर्वी, फेब्रुवारीच्या सुमारास, पुन्हा लावावा लागतो.